वार्धक्याची परिभाषा : ‘झीज’ आणि ‘पाक’

वार्धक्याच्या मराठी शास्त्रीय विवेचनांत ‘झीज’ हेच रूपक बहुधा योजिले जाते. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेतील कोलॅजेन तुटते, त्यास ते यथार्थ होय. परंतु शर्करेच्या संयोगाने कोलॅजेनचे तंतू परस्परांस जखडून त्वचा ताठर होते, ती झीज नव्हे. भाकरी भाजताना तांबूस होते, त्याच जातीची ती क्रिया आहे. येथे ‘केस पिकले’ हा वाक्प्रचार अधिक सूचक ठरतो. कारण ‘पिकणे’ व ‘पक्का’ हे दोन्ही शब्द ‘पच्’ म्हणजे शिजविणे या धातूकडे जातात. तथापि ‘पक्का’ शब्दास स्तुतीचा अर्थ चिकटला आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली, त्या आख्यायिकेत नामदेव ‘कच्चे’ ठरले, हा उणेपणाच. त्वचेचा पक्केपणा मात्र हानी होय. दोन्ही रूपकांची मर्यादा दाखविल्यावाचून परिभाषा निर्दोष होणार नाही.