सासरी गेलेला नवरा

मराठीत सून ‘आणतात’ आणि मुलगी ‘देतात’. लग्नाच्या जुन्या फोटोत जोडपं स्थिर उभं असतं. घर कोणी सोडलं, हे ही क्रियापदंच सांगतात. बंगळुरूसारख्या परगावी स्थायिक झालेल्या आपल्या घरांतही भिंतीवरचा फोटो याच भाषेत वाचला जातो. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) पुन्हा पाहताना ही सवय खटकते.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि चिनी परिचारिका क्वो छिंगलान यांचं लग्न १९४१ साली चीनमध्ये झालं. पडद्यावर ही जोडी शांताराम आणि जयश्री साकारतात. त्या दोघांचं प्रत्यक्षातलं लग्नही १९४१चंच. त्यामुळे चिनी वधूचा चेहरा आपल्याला आधीपासूनच घरचा वाटतो. शेवटी मरणासन्न डॉक्टर पत्नीला तिच्या सोलापुरातल्या स्वागताचं वर्णन ऐकवतात आणि ती मुलाला घेऊन तिथे पोचते. प्रसंग आजही हेलावून टाकतो. पण इथे स्थलांतराची दिशाच उलटली आहे.

घर सोडलं ते कोटणीसांनी. १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून ते गेले, चिनी भाषा शिकले, चिनी नाव घेतलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. या लग्नात सासरी गेला तो नवरा. छिंगलान चीनमध्येच राहिल्या. मुलाचं नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. तो वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली गेला. त्या २०१२पर्यंत जगल्या, भारतात आल्या त्या पाहुण्या म्हणून. ‘माय लाइफ विथ कोटणीस’मध्ये त्यांनी स्वतःची बाजू सांगितली. पुढचं हे आयुष्य १९४६ साली शांतारामांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण विधवा सून सासरीच येणार, हे गृहीत धरणं ही त्यांची निवड होती.

परकी वधू आपली व्हायची तर तिने आपला उंबरठा ओलांडला पाहिजे, असं चित्रपट सुचवतो. तो खरोखर ओलांडणारेही होते. माझगावात चिनी स्थलांतरितांचं देऊळ १९१९पासून उभं आहे. देशभर अशी कुटुंबं रुजली, त्यांच्या भिंतींवरही लग्नाचे फोटो लागले. १९६२च्या युद्धाच्या वेळी त्यांच्यातल्या सुमारे ३,००० माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. कित्येकांचा जन्म इथलाच होता. पडद्यावरच्या सुनेसाठी डोळे पुसून तेव्हा अवघी सोळा वर्षं झाली होती.