बंद नगरीची बखर

डॅनियल डेफो हे नाव आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत 'रॉबिन्सन क्रूसो'मुळे परिचित आहे. निर्जन बेटावर एकट्याने संसार थाटणाऱ्या त्या खलाशाची कथा लहानपणी वाचली नाही, असा इंग्रजी शिकलेला मनुष्य विरळा. परंतु त्याच लेखकाने त्या कथेनंतर अवघ्या तीन वर्षांनी, म्हणजे १७२२ साली, अगदी उलट परिस्थितीचे एक पुस्तक लिहिले, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. तेथे एक माणूस आणि ओसाड बेट. येथे लाखो माणसांनी गजबजलेले शहर आणि त्यात शिरलेली महामारी. 'अ जर्नल ऑफ द प्लेग इयर' हे त्या पुस्तकाचे नाव, आणि १६६५ सालच्या लंडनमधील प्लेग हा त्याचा विषय. हे पुस्तक मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांस शिकवीत आलो. २०२० च्या टाळेबंदीत ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा आजवर आपण ते अर्धेच वाचले होते, असे मला आढळून आले.

प्लेगच्या त्या वर्षी डेफो स्वतः पाच-एक वर्षांचा बालक होता. म्हणून त्याने निवेदनासाठी एक कल्पित गृहस्थ योजला. एच्. एफ्. एवढीच त्याची ओळख. धंद्याने जीन तयार करणारा, अविवाहित, पापभीरू व हिशेबी. भाऊ शहर सोडण्याचा आग्रह करतो. हा दुकानाच्या व ईश्वराच्या भरवशावर मागे राहतो आणि जे दिसेल ते टिपून ठेवतो. आपल्या बखरींत खरे व रचलेले ज्याप्रमाणे एकमेकांत मिसळून जाते, त्याप्रमाणे येथेही झाले आहे. परंतु बखरकाराची दृष्टी राजे व सरदार ह्यांच्यावर खिळलेली असते. डेफोची दृष्टी पावाच्या वजनावर असते. ह्या दृष्टीस तात्कालिक कारणही होते. १७२० साली फ्रान्समधील मार्सेय बंदरात प्लेग उसळला होता आणि तो इंग्लंडात आला तर शहराने काय करावे, हा प्रश्न त्या वेळी प्रत्येक व्यापाऱ्याच्या घरी चर्चिला जात होता.

पूर्वी मी वर्गात ह्या पुस्तकातील भीषण प्रसंग वाचून दाखवीत असे: रात्रीच्या प्रेतगाड्या, ऑल्डगेटचा प्रचंड खड्डा, रस्त्यावर धावत सुटलेले भ्रमिष्ट. विद्यार्थी स्तब्ध होत आणि तास यशस्वी झाला असे मला वाटे. पण त्या प्रसंगांच्या मध्ये रुक्ष वाटणारी जी पाने आहेत, ती मी ओलांडून जात होतो. आणि पुस्तकाचा प्राण तर तेथेच आहे. राजा दरबारासह ऑक्सफर्डला निघून गेला. धनिक गेले, कित्येक वैद्य व धर्मोपदेशक गेले. लॉर्ड मेयर सर जॉन लॉरेन्स, त्याचे शेरीफ व आल्डरमन मात्र राहिले, आणि आम्ही शहर सोडणार नाही असे त्यांनी जाहीर केले. भटारखान्यांनी भट्ट्या सतत पेटत्या ठेवाव्यात, न ठेवील त्याचा नागरिकत्वाचा हक्क जाईल, असा दंडक त्यांनी घातला. परिणाम काय झाला, तर मार्चच्या आरंभी एका पेनीस साडेदहा औंसांचा पाव मिळे, तो रोग अगदी शिगेस पोहोचला तेव्हाही साडेनऊ औंसांच्या खाली गेला नाही. बाजार चालू राहिले. गिऱ्हाईक मांसाचा तुकडा आकड्यावरून स्वतःच काढून घेई आणि खाटीक पैसे हातात न घेता व्हिनेगरच्या भांड्यात टाकावयास सांगे. प्रेते रात्री उचलली जात. दिवसा रस्ते मोकळे असत. ह्या एका औंसाच्या फरकात नगरशासनाचे जे मोल डेफोने सांगितले आहे, ते दहा गौरवग्रंथांतही सापडणार नाही.

तथापि डेफो भाट नव्हे. ज्या घरात रोगी निघे, ते घर आतील निरोगी माणसांसह महिनाभर बंद केले जाई. दारावर फूटभर लांबीची तांबडी फुली आणि बाहेर दिवसा एक व रात्री एक असे पहारेकरी. ह्या योजनेवर एच्. एफ्. पुनःपुन्हा आक्षेप घेतो. बंदिवासाच्या भयाने लोक रोग लपवीत, मागील दाराने पळून जात, पहारेकऱ्यास लाच देत. एका घरच्यांनी तर पहारेकऱ्यास बंदुकीच्या दारूने उडविले. एवढ्या मोठ्या शहरास रोग्यांसाठी एकच इस्पितळ आणि तेथेही फार तर दोन-तीनशेंची सोय, ही मोठी चूक झाली, असे तो स्पष्ट म्हणतो. बंद करणे स्वस्त होते, सोय करणे महाग; शासनाने स्वस्त मार्ग धरला. आणखी एक गोष्ट तो नोंदवितो. काम सुटलेल्या गरिबांतूनच पहारेकरी, परिचारिका व प्रेतवाहक भरती झाले. ज्यांस घरी बसून खाणे शक्य नव्हते, त्यांच्याच जिवावर इतरांचे घरी बसणे चालले होते.

ह्याच ठिकाणी पुस्तकातील एक छोटा प्रसंग येतो, जो मी कधीही वर्गात वाचला नव्हता. एच्. एफ्. ची नेमणूक घरांचा तपासनीस म्हणून होते. दोन महिने हे काम करावयाचे असते. ज्या उपायास तो अन्याय म्हणतो, तोच त्याला आता अमलात आणावयाचा आहे. तो काय करतो? थोडे पैसे देऊन दुसऱ्यास आपल्या जागी नेमवून घेतो आणि तीन आठवड्यांत मोकळा होतो. डेफो ह्यावर काही भाष्य करीत नाही. मध्यमवर्गीय सदसद्विवेकाचे इतके अचूक चित्र मी क्वचितच पाहिले आहे.

महाराष्ट्रातील वाचकास हे सर्व वाचताना १८९७ सालचे पुणे आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथेही घरांची झडती होती, रोग्यांस हलविणे होते आणि लोकांनी रोग लपविणे होते. परंतु लंडनमधील तपासनीस त्याच वॉर्डातला शेजारी होता; पुण्यात गोरे सैनिक घरात शिरले. रोगाहून उपायाचेच भय अधिक वाटू लागले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्या पाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि ते तुरुंगात गेले. सुटून आल्यानंतर १८९९ साली केसरीची सूत्रे पुन्हा हाती घेताना त्यांनी जो अग्रलेख लिहिला, त्याचे शीर्षक 'पुनश्च हरिः ॐ'. त्याच वर्षी, म्हणजे १८९७ साली, जो साथरोगांचा कायदा झाला, तोच २०२० साली पुन्हा लागू करण्यात आला. आणि जून २०२० मध्ये राज्य उघडण्यास आरंभ झाला, तेव्हा त्या आरंभासही 'पुनश्च हरिओम' हेच नाव मिळाले. कायदा व घोषणा दोन्ही एकाच महामारीच्या वारशातून आल्या, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

आता शहर उघडण्याचा प्रश्न. डेफोच्या पुस्तकात तो शेवटच्या भागात येतो. सप्टेंबरअखेर साप्ताहिक मृत्युसंख्या एकदम उतरली आणि लोकांचा धीर पाहता पाहता अविचारात पालटला. दुकाने उघडली, अंगावर गाठी असलेल्यांशीही लोक निःशंकपणे बोलू लागले, बाहेरगावी गेलेली कुटुंबे लोंढ्याने परतली. वैद्यांनी सूचनापत्रके छापून वाटली. ती कोणी मानली नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मृत्यूंचा आकडा पुन्हा चारशेंनी चढला. बंद करताना भीती शासनाची चाकर होती. उघडताना इच्छा कोणाचीच चाकर राहिली नाही. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत मद्याची दुकाने उघडली, रांगा लागल्या आणि दोनच दिवसांत ती पुन्हा बंद करावी लागली. हे ज्यांनी पाहिले, त्यांस डेफोच्या वर्णनात अतिशयोक्ती वाटणार नाही.

पण नेमके येथेच माझ्या मते डेफोचे पुस्तक उणे पडते. बंद शहराचा हिशेब तो व्यापाऱ्याच्या चोखपणाने मांडतो. उघडत्या शहराविषयी मात्र तो उपदेशकाचा सूर लावतो. लोक उतावळे होते, कृतघ्न होते, ईश्वराच्या कृपेस पात्र नव्हते, असा त्याचा रोख आहे. कोण उतावळेपणाने आला आणि कोण पोटासाठी आला, हा भेद त्या लोंढ्यात तो करीत नाही. ह्यात नवल असे, की त्यास तो ठाऊक आहे. एका ठिकाणी तो सांगून जातो की रोग ओसरल्यावर गरिबांची दैना उलट वाढली; कारण मुख्य संकट टळले असे समजून लोकांनी दानाचा हात आखडता घेतला. पुस्तकातील सर्वांत मर्मभेदी निरीक्षण हेच असेल. आणि डेफो ते दोन-चार वाक्यांत आटोपून पुढे जातो. ह्या सूत्रावर त्याने शेवटचा भाग रचला असता, तर शहर उघडणे म्हणजे केवळ दारे उघडणे नव्हे, ते कोणाकोणास कोणत्या क्रमाने आत घ्यावयाचे ह्याचा निवाडा आहे, हे त्याच्या हातून स्पष्ट झाले असते.

मुंबईने तो निवाडा कसा केला? महापालिकेच्या पदरी यशही आहे. चोवीस प्रशासकीय विभागांत नियंत्रण-कक्ष उघडून खाटांचे वाटप तेथून करण्याची व्यवस्था झाली; धारावीसारख्या दाट वस्तीत घरोघर तपासणी झाली; नळाला पाणी येत राहिले आणि कचऱ्याच्या गाड्याही येत राहिल्या. सर जॉन लॉरेन्सच्या भट्ट्यांशेजारी ह्या गोष्टी निःसंकोचपणे मांडाव्यात. परंतु ह्या शहराचे खरे दार म्हणजे लोकल गाडी. रोज सुमारे पाऊण कोटी उतारू नेणारी ही वाहतूक मार्च २०२० मध्ये थांबली. १५ जूनला ती अत्यावश्यक सेवकांसाठी सुरू झाली. २१ ऑक्टोबरला स्त्रियांस ठरावीक वेळी मुभा मिळाली, सकाळी अकरा ते तीन व सायंकाळी सातनंतर. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांस, तीही सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. म्हणजे कामावर जाण्याची व परतण्याची जी वेळ, तीच वर्ज्य. दुकाने व कार्यालये टप्प्याटप्प्याने उघडली. तेथे पोहोचण्याचा मार्ग उशिरा उघडला. हा क्रम एकट्या पालिकेने लावला नव्हता. राज्यशासन व रेल्वे ह्यांचाही त्यात हात होता, आणि गर्दीचे भय खरे होते. तरीही ज्याची मोटार होती त्याचे शहर जूनमध्ये उघडले, आणि ज्याचा मासिक पास होता त्याचे आठ महिन्यांनी, हे सत्य उरतेच.

ह्या सत्यात माझाही वाटा आहे, तो सांगितल्याविना ही समीक्षा प्रामाणिक होणार नाही. आमच्या गृहसंस्थेच्या समितीवर मी त्या वेळी होतो. घरकाम करणाऱ्या स्त्रियांस आत घेऊ नये, अशी सूचना आम्ही फाटकावर लावली, आणि शासनाची मनाई उठल्यावरही ती काही आठवडे तशीच ठेवली. पहारेकऱ्यास फाटकाशेजारच्या खोलीतच मुक्काम करावयास सांगितले. मला ते खटकले, म्हणून मी समितीतून बाहेर पडलो. सूचना मात्र तशीच राहिली. एच्. एफ्. ने पैसे तरी दिले होते. मी प्रकृतीचे कारण दिले.

आमच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या मावशी विरारकडून लोकलने येत. एप्रिल व मे ह्या दोन महिन्यांचा पगार आम्ही त्यांस घरबसल्या पाठविला आणि त्याचे मनाशी समाधान मानले. जूनमध्ये 'पुनश्च हरिओम' झाले, वर्तमानपत्रांत शहर उघडल्याचे मथळे आले, तेव्हा आता येणे न येणे त्यांच्या हाती आहे असे म्हणून आम्ही पगार थांबविला. त्यांस गाडीत चढण्याची मुभा ऑक्टोबरच्या अखेरीस मिळाली. मधल्या साडेचार महिन्यांत त्यांनी काय केले, हे मी विचारले नाही. त्या परत आल्या तेव्हा त्यांनीही सांगितले नाही. दानाचा हात केव्हा आखडतो, ह्याविषयीचे डेफोचे ते वाक्य मी त्याच जुलैत पेन्सिलीने अधोरेखित केले होते, आणि समासात 'उत्कृष्ट निरीक्षण' असा शेरा लिहिला होता.

तो शेरा आजही माझ्या प्रतीत आहे. ज्या पुस्तकास तीनशे वर्षे झाली, त्याचे थोरपण त्यातील प्रेतगाड्यांत नाही. शहर कोणाच्या बळावर बंद राहिले आणि उघडल्यावर कोण बाहेर राहिले, हा हिशेब पुरा करावयाचे काम ते वाचकाकडे सोपवते, ह्यात ते आहे. आपल्या वाङ्मयात नगरपालिका हा विषय अद्याप विनोदाचा किंवा तक्रारीचा समजला जातो. पावाचे वजन, खाटांची यादी आणि गाड्यांचे वेळापत्रक ह्यांतून माणसांची कथा सांगणारा लेखक मराठीस हवा आहे. तो येईल तेव्हा त्याने डेफोहून एक पाऊल पुढे टाकावे, आणि आमच्यासारख्या सज्जनांस त्या बखरीतून वगळू नये.