विज्ञानाची व्याख्याने आणि न विचारलेले प्रश्न

व्याख्यान ऐकायला जाणे ही मराठी समाजाची जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला दीडशे वर्षांची झाली, आणि आज तालुक्याच्या गावीही उन्हाळ्यात किंवा दिवाळीच्या पुढेमागे एखादी व्याख्यानमाला आपली पुष्पे गुंफत असते. त्यात विज्ञानाचे एक पुष्प बहुधा असतेच. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम सुरू झाले. या संस्थांनी विज्ञानाला मराठीत बोलते केले आणि वक्त्यांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. इतर कितीतरी भाषांना हेवा वाटावा असे हे संचित आहे. म्हणूनच त्याची झाडाझडती जरा कठोरपणे घ्यायला हवी. आपली विज्ञानव्याख्याने माहिती भरपूर देतात, बुवाबाजीवर कोरडेही चांगले ओढतात. पण एखादी गोष्ट खरी आहे हे ठरवायचे कसे, ते फार थोडी व्याख्याने दाखवतात. श्रोता निष्कर्ष घेऊन घरी जातो. त्या निष्कर्षापर्यंत पोचण्याची रीत मात्र व्यासपीठावरच राहते.

गुरुत्वीय लहरींचे उदाहरण घ्या. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘लायगो’ या वेधशाळेने त्यांचा शोध जाहीर केला आणि पुढची दोन-तीन वर्षे हा विषय व्याख्यानमालांचा लाडका झाला. पुण्यातील शास्त्रज्ञांचा या कामातला वाटा आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली वेधशाळा यांमुळे त्याला घरचा जिव्हाळाही होता. या व्याख्यानांत सामान्यतः आइन्स्टाइनचे छायाचित्र असे, एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांचे चलच्चित्र असे आणि शेवटी तो प्रसिद्ध ‘चिवचिव’ आवाज ऐकवला जाई. सभागृह थक्क होई, आणि थक्क व्हावे असेच ते होते. पण या शोधाची खरी थरारक गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या यंत्रणेत एक खोटा संकेत मुद्दाम सोडण्यात आला होता. असे कधीतरी होऊ शकते एवढेच शेकडो शास्त्रज्ञांना माहीत होते. झाले आहे का, हे मोजक्याच लोकांना ठाऊक होते. बाकीच्यांनी त्या संकेताची अनेक महिने छाननी केली, शोधनिबंधाचा मसुदा तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये खरे उत्तर असलेले बंद पाकीट उघडल्यावर कळले की हा संकेत आकाशातून आलाच नव्हता. स्वतःलाच फसवून पाहायचे, आपली पारख जागी आहे का ते तपासायचे, यासाठी एवढी मोठी यंत्रणा महिनोन्महिने राबली. कृष्णविवरांचे चलच्चित्र श्रोता आठवड्यात विसरेल. पण शास्त्रज्ञ स्वतःवर अशी पाळत ठेवतात हे एकदा कळले, की तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ छापाच्या संदेशाकडेही निराळ्या नजरेने पाहू लागेल. हा भाग बहुतेक व्याख्यानांतून गळतो, कारण त्यात दाखवायला चित्र नसते.

दुसरी परंपरा भांडाफोडीची. अब्राहम कोवूर आणि बी. प्रेमानंद या विवेकवाद्यांनी भारतभर जी वाट पाडली, तिचा महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हमरस्ता केला. मिथिल ऑरेंज लावलेल्या सुरीने लिंबू कापून ‘रक्त’ काढणे, पाणी शिंपडून नारळ पेटवणे, जिभेवर कापूर जाळणे हे प्रयोग शाळेच्या पटांगणापासून यात्रेच्या मैदानापर्यंत हजारोंनी पाहिले. व्याख्यानाचा हा प्रकार माझ्या मते माहितीपर भाषणापेक्षा सरस आहे, कारण पुरावा इथे डोळ्यांदेखत असतो आणि शाळेतली मुलगीही तो प्रयोग पुन्हा करू शकते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा रंगीत दूध वापरून ते मूर्तीवरून कसे ओघळते हे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. पृष्ठताण आणि केशाकर्षण या शब्दांपेक्षा ती रंगीत धार अधिक बोलकी होती.

मात्र भांडाफोड जिथे संपते तिथून पुढचा रस्ता अवघड आहे. लिंबातले रक्त ही हातचलाखी आहे हे दाखवता येते. पण जमिनीखालचे पाणी दाखवणारा पाणाड्या हातचलाखी करत नाही. नारळ किंवा कडुलिंबाची फांदी हातात धरून तो शेतातून चालतो, आणि अनेकदा त्याची स्वतःची श्रद्धा मनापासूनची असते. समजा व्याख्यानात एखादा शेतकरी उठून म्हणाला, ‘त्यानं दाखवलं तिथंच आमच्या बोअरला पाणी लागलं,’ तर ‘ही अंधश्रद्धा आहे’ हे त्याचे उत्तर होत नाही. उत्तर द्यायचे तर त्याच्याचकडून काही गोष्टी काढून घ्याव्या लागतील: पंचक्रोशीत त्याने दाखवलेल्या किती बोअर कोरड्या गेल्या, त्याला न विचारता घेतलेल्या किती बोअरना पाणी लागले, आणि कोरड्या बोअरचा हिशेब गावात कोणी ठेवला आहे का. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. इथे पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे काही पट्ट्यांत कुठेही खोदले तरी थोडेफार लागते आणि काही ठिकाणी पाणी लागलेल्या बोअरपासून चार हातांवरही लागत नाही. हा हिशेब शेतकऱ्याला समजणार नाही असे मानणे म्हणजे ज्याने कर्ज काढून बोअर घेतली त्याच्या अकलेचा अपमान आहे. पण ही मांडणी करायला वेळ लागतो, आणि तिच्यात टाळीचे वाक्य नसते.

अशी मांडणी करता येते याचा उत्तम पुरावा पुण्यातच आहे. २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिष शिकवण्याचा घाट विद्यापीठ अनुदान आयोगाने घातला, तेव्हा देशभरातल्या शास्त्रज्ञांनी निषेधाची पत्रके काढली. त्या पत्रकांनी किती जणांची मते बदलली, कोण जाणे. पुढे २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे यांनी निषेधाऐवजी चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून दोनशे पत्रिका मांडल्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवून कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवूनही चाळीसपैकी वीसच्या आसपास उत्तरे बरोबर यावीत. सर्वांत चांगल्या ज्योतिषाची चोवीस आली आणि सर्वांची सरासरी ४६ टक्के निघाली. या चाचणीवर पुढे अनेक व्याख्याने झाली. तरी त्यांतून श्रोत्याच्या लक्षात राहिले ते ‘ज्योतिष नापास’ एवढेच. खरे तर एखाद्या चौकस श्रोत्याने इथेच अडवायला हवे: ४६ टक्के पन्नासपेक्षा कमी आहेत, मग ज्योतिषी सातत्याने चुकतात असे का म्हणू नये? हजारांवर उत्तरांमध्ये एवढा फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. त्यावर वक्त्याला सांगावे लागेल की पत्रिका दोनशेच होत्या आणि उत्तरे हजारांवर, म्हणजे तीच पत्रिका अनेकांकडे गेली. ज्योतिषी साधारण सारखेच नियम लावतात, त्यामुळे एकाची चूक तीच दुसऱ्याची चूक होते, आणि म्हणून ती हजार उत्तरे एकमेकांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. हा एक प्रश्न आणि त्याचे उत्तर यांत संख्याशास्त्राचा जो धडा आहे, तो तासाभराच्या प्रवचनात मिळणार नाही.

नारळीकरांचा विषय निघालाच आहे, तर एक अधिक नाजूक मुद्दा मांडायला हवा. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. हा रिवाज मराठी विज्ञानप्रसारातली सर्वांत सुंदर युक्ती म्हणावी लागेल. प्रश्न विचारण्याचे मोल त्यांच्याइतके कोणाला कळले नव्हते. पण महाराष्ट्राने त्यांचे काय केले? विश्वोत्पत्तीच्या बाबतीत ते आयुष्यभर अल्पमतात होते. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी महास्फोट सिद्धान्ताला पर्याय मांडला, १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्याची सुधारित आवृत्ती पुढे आणली, आणि बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांना तो पर्याय पटला नाही. आपल्या सर्वांत लाडक्या शास्त्रज्ञाचे मत त्याच्याच क्षेत्रातले बहुसंख्य सहकारी नाकारतात, ते कोणत्या निरीक्षणांवरून, आणि तो तरीही आदरणीय शास्त्रज्ञ का राहतो, ही चर्चा व्याख्यानाच्या मंचावर रंगली असती तर वैज्ञानिक मतभेद कसा असतो याचे केवढे शिक्षण झाले असते! आपण त्यांचा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिले आणि हा वाद तज्ज्ञांवर सोडला. २० मे २०२५ रोजी ते गेल्यावर आलेल्या मृत्युलेखांतही तो बहुधा एखाद्या ओळीपुरताच होता.

व्यासपीठावरच्या अधिकाराला प्रश्न न विचारण्याची किंमत काय असते, ते जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात दिसले. भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२व्या अधिवेशनात प्राचीन भारतात ग्रहांदरम्यान फिरणारी विमाने होती असे सांगणारे भाषण झाले. ज्या वैमानिक शास्त्राचा आधार घेतला गेला, तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली याने उडू शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. म्हणजे उत्तर चाळीस वर्षांपासून छापील उपलब्ध होते. नव्हती ती सभागृहात उभे राहून प्रश्न विचारण्याची रीत. हे अधिवेशन अडाण्यांचे नव्हते. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी: सुशिक्षित श्रोत्यांसमोर बोलताना विवेकवादी वक्तेही सोयीचे लक्ष्य निवडतात. खेड्यातल्या भगतावर हसणारे सभागृह ‘आर्सेनिकम आल्बम ३०’ वर हसत नाही, कारण करोनाच्या काळात त्या गोळ्या त्याने स्वतः घेतलेल्या असतात. शंभरास एक या प्रमाणात तीस वेळा विरळ केलेल्या द्रावणात मूळ पदार्थाचा एकही रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ नसते, हे गणित दहावीच्या रसायनशास्त्रापलीकडचे नाही. तरी ते मध्यमवर्गीय व्याख्यानमालेत क्वचितच मांडले जाते.

यावर आक्षेप येतील आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की सामान्य श्रोत्यासमोर शंका आणि अनिश्चितता मांडली तर विज्ञानावरचाच विश्वास ढळेल, लसविरोधकांचे फावेल. करोनाच्या लशींचा अनुभव मात्र उलट सांगतो. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे युरोपीय औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केले होते. तीच लस आपल्याकडे पुण्यात कोव्हिशील्ड म्हणून तयार होत होती. धोका किती विरळा आणि करोनाचा धोका त्यापुढे किती मोठा, हे ज्यांना तेव्हाच कोणी समजावून सांगितले, त्यांना एप्रिल २०२४ अखेरच्या कंपनीच्या ब्रिटिश न्यायालयातील कबुलीच्या बातम्यांत नवे काही नव्हते. ज्यांना फक्त ‘लस सुरक्षित आहे’ एवढेच सांगितले गेले, त्यांना ती लपवाछपवी वाटली. विश्वास ढळवला तो आधीच्या अर्धवट सांगण्याने.

दुसरा आक्षेप, व्याख्यानाला येणारे आधीच पटलेले असतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच त्यांना पुन्हा तेच पटवण्यात वेळ घालवू नये. पटलेल्या माणसालाही आपण बरोबर का आहोत हे सांगता येत नसेल, तर घरच्या जेवणाच्या टेबलावर तो वाद हरणारच. तिसरा आक्षेप परंपरेचा: आपला श्रोता ऐकायला येतो, बोलायला नाही. इथे गाडगेबाबांचे नाव घेतले की पुरे. त्यांचे कीर्तन प्रश्नांवर चाले. देव कुठे राहतो, नवसाने काय मिळते, कोंबडे-बकरे कापून कोणाचे भले झाले, असे ते विचारत आणि समोरच्या निरक्षर श्रोत्यांकडून उत्तरे वदवून घेत. ज्या मातीत हे कीर्तन झाले, तिथे श्रोता मुका असतो असे म्हणता येत नाही. त्याला मुका केला तो प्रास्ताविक, परिचय, सत्कार, अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन या चाकोरीने. शेवटी राहिलेल्या दहा मिनिटांत निवेदक चिठ्ठ्या चाळतो, अवघड चिठ्ठी बाजूला ठेवतो आणि ‘वेळेअभावी’ थांबतो.

भीतीचा मुद्दाही टाळता येणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, पण आयोजकांच्या मनात धास्तीही बसली. श्रद्धेला हात घालणारा विषय नको, हे वाक्य तेव्हापासून अधिक ऐकू येते. ही धास्ती निराधार नाही आणि तिच्यापोटी कोणाला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. पण बंद पाकिटातली चाचणी, कोरड्या बोअरचा हिशेब, विरळ द्रावणाचे गणित यांत कोणाच्या देवाचा उल्लेखही येत नाही. तपासण्याची रीत शिकवणारे व्याख्यान टिंगल करणाऱ्या व्याख्यानापेक्षा सुरक्षित आहे, आणि माझ्या मते अधिक धारदारही.

यूट्यूबमुळे माहितीपर व्याख्यानाची गरज तशीही ओसरली आहे. कृष्णविवरांची चित्रे आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. सभागृहाकडे उरते ते एकच, समोरासमोर अडवून विचारण्याची सोय. तेव्हा व्याख्यानमालांच्या आयोजकांना एवढीच विनंती: येत्या हंगामात विज्ञानाच्या पुष्पाला वक्त्यासाठी पंचेचाळीस मिनिटे आणि श्रोत्यांसाठी पंचेचाळीस मिनिटे द्या, सत्कार आणि समारोप वगळा, चिठ्ठ्या न घेता ध्वनिक्षेपक श्रोत्यांत फिरवा, आणि ही वेळ निमंत्रणपत्रिकेवर तशीच छापा.