पडद्यावरील सिद्धार्थ आणि गृहत्यागाचे कारण

उपोसथाच्या दिवशी आमच्या घरातील टीव्ही बंद असतो. आमच्या मातोश्री त्या दिवशी अष्टशील ग्रहण करतात आणि त्यातील सातव्या शीलात नृत्य, गीत, वादन यांबरोबरच ‘विसूकदस्सन’, म्हणजे खेळतमाशे पाहणे, यापासूनही विरत राहण्याचा संकल्प असतो. इतर दिवशी मात्र घरातील मुलांसमवेत आम्हीही चित्रपट पाहतो. गेल्या वर्षावासात सुटीच्या संध्याकाळी आम्ही असे तीन चित्रपट पाहिले आणि अभ्यासकाच्या सवयीने टिपणे काढीत गेलो. प्रस्तुत लेख त्या टिपणांतून सिद्ध झाला आहे. चित्रपटकलेचे जाणकार म्हणून आम्ही काही सांगू इच्छित नाही. पाली वाङ्मयाच्या एका विद्यार्थ्याला घरबसल्या जे जाणवले, तेवढेच येथे मांडीत आहोत.

चित्रपटाचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे? संयुत्तनिकायातील गामणिसंयुत्तात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा आहे. रंगमंचावर लोकांना हसविणारा नट मृत्यूनंतर हसऱ्या देवांच्या संगतीत जन्मतो, असे पूर्वीचे आचार्य सांगत. भगवंतांचे याविषयी काय मत आहे, असे तो विचारतो. तथागत दोन वेळा उत्तर देण्याचे टाळतात. तिसऱ्या वेळी ते सांगतात की, लोक मुळातच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात आणि नट त्याच बंधनांना नवे खाद्य पुरवितो. तालपुट रडू लागतो. उत्तर कठोर होते म्हणून नव्हे, तर आचार्यांनी आपल्याला इतका दीर्घकाळ फसविले म्हणून. पुढे तो प्रव्रजित होऊन अर्हत होतो. या सुत्तात कलेचा सरसकट निषेध आहे, असे आम्हास वाटत नाही. निषेधाचे कारण तेथे दिलेले आहे आणि त्या कारणातच कसोटी दडलेली आहे : प्रेक्षकाच्या मनातील राग, द्वेष व मोह यांची गाठ या दर्शनाने घट्ट झाली की सैल?

बुद्धचरित्रावरील चित्रपटाला दुसरीही एक कसोटी लावावी लागते. सिद्धार्थाने घर का सोडले? ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांतील पहिला हाच होय. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर वृद्ध, रोगी व प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही. पाली निकायांतही निराळेच चित्र दिसते. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात आईवडील अश्रू ढाळीत असताना केस उतरवून घर सोडल्याचे भगवंत स्वतः सांगतात. तेथे मध्यरात्र नाही, कंथक अश्व नाही. चार दृश्यांची कथा दीघनिकायातील महापदान सुत्तात आहे, परंतु ती विपस्सी बुद्धाविषयी. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या प्रश्नाकडे मराठी वाचकांचे लक्ष फार पूर्वीच वेधले होते.

बाबासाहेबांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात तंटा होतो, सिद्धार्थ संघासमोर युद्धाला विरोध करतो आणि बहुमत विरुद्ध गेल्यावर परिव्रज्या पत्करतो. अट्ठकथांत रोहिणीचा कलह बोधीनंतरचा सांगितला आहे, ही गोष्ट अभ्यासकाने लपवू नये. परंतु बाबासाहेबांच्या मांडणीचा खरा गाभा त्यापुढील भागात आहे. शाक्य-कोलियांचा समेट झाल्याची वार्ता सिद्धार्थाच्या कानी येते. परतण्याची वाट मोकळी झालेली असते. तरीही तो परतत नाही. एक युद्ध टळले तरी माणसामाणसांतील व वर्गावर्गांतील संघर्ष संपत नाही, आणि त्यावरील उत्तर अजून सापडलेले नाही, हे त्याला उमगलेले असते.

आता चित्रपटांकडे वळू. बर्नार्दो बेर्तोलुची यांचा ‘लिटल बुद्धा’ 1993 सालचा. विट्टोरिओ स्टोरारो यांच्या छायाचित्रणामुळे कपिलवस्तूचा भाग सोन्याने मढविल्यासारखा दिसतो, आणि तेथेच अडचण सुरू होते. राजवाडा इतका मोहक आहे की, तो सोडणारा राजपुत्र आपल्याला केवळ हळवा भासतो. जराजर्जर माणसे, जळते प्रेत, निद्रिस्त नगरातून रात्रीचे निर्गमन, असा परंपरागत क्रमच येथे पाळलेला आहे. एकाच लामाचा पुनर्जन्म तीन मुलांच्या ठायी शोधण्याचे बाह्य कथानक तर बाबासाहेबांनी केलेल्या पुनर्जन्माच्या मीमांसेशी जुळतच नाही. एक प्रसंग मात्र आम्हास मान्य करावाच लागेल. बोधिवृक्षाखाली मार अखेरीस सिद्धार्थाचेच रूप घेऊन समोर येतो. शत्रू बाहेर नसून आपल्याच अहंकारात आहे, हा अर्थ तेथे पोहोचतो.

‘बुद्ध’ हा जपानी ॲनिमेशनपट 2011 सालचा. ओसामु तेझुका यांनी 1972 ते 1983 या काळात रचलेल्या चित्रकथेवर तो आधारलेला असून दिग्दर्शन कोझो मोरिशिता यांचे आहे. त्यात चाप्रा नावाचा एक दासीपुत्र आहे. तो कोसलच्या सेनापतीचे प्राण वाचवितो, त्याचा मानलेला पुत्र होतो, पराक्रम गाजवितो. परंतु जन्म लपविल्याखेरीज त्याला उभे राहता येत नाही, आणि जन्म लपवायचा म्हणजे जन्मदात्या आईलाच लपवायचे. हे पात्र सर्वस्वी कल्पित आहे. तिपिटकात ते शोधू नये. तरीही, जेथे आपल्या देशातील बुद्धपट राजवाड्यात रमतात, तेथे एका जपानी कलावंताला बुद्धाच्या काळाची कथा दासाच्या झोपडीपासून सुरू करावीशी वाटली, याची नोंद आपण घेतलीच पाहिजे. माणसाचे दुःख माणसानेच घडविलेले असते, हे येथे मुलांनाही समजते. उणिवा आहेतच. रक्तपाताची दृश्ये तालपुटाच्या कसोटीवर टिकत नाहीत, प्राण्यांच्या देहात शिरण्याची सिद्धी अनावश्यक आहे, आणि मुख्य म्हणजे चाप्रापुढे सिद्धार्थच फिका पडतो. जातीचे दुःख एका कथेत राहते आणि गृहत्याग दुसऱ्या.

हे दोन धागे एकत्र आलेले आम्हास दिसले ते तिसऱ्या चित्रपटात, जेथे बुद्ध हे पात्रच नाही. कोन इचिकावा यांचा ‘द बर्मीज हार्प’ हा 1956 सालचा कृष्णधवल चित्रपट. 1945 साली युद्ध संपते. मिझुशिमा हा जपानी शिपाई जीव वाचविण्यासाठी एका भिक्षूचे चीवर चोरतो आणि आपल्या तुकडीकडे निघतो. वाटेत पडलेली बेवारस प्रेते तो पाहतो. सोंग म्हणून पांघरलेले चीवर हळूहळू खरे होत जाते. तुकडी मायदेशी निघते तेव्हा तो मागे राहतो, मृतांना मूठमाती देण्यासाठी. आमच्या धाकट्या कन्येने विचारले, “बाबा, लढाई तर संपली होती. मग तो घरी का गेला नाही?” आम्ही क्षणभर निरुत्तर झालो, कारण समेटानंतरच्या सिद्धार्थाविषयी विचारावयाचा प्रश्न तिने आपण होऊन विचारला होता.

या चित्रपटाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. भिक्षूच्या हाती वीणा विनयाला धरून नाही, हा दोष लहान. मोठा दोष असा की, मिझुशिमाला दिसतात ती प्रामुख्याने आपल्याच देशबांधवांची प्रेते. ज्या ब्रह्मदेशाच्या भूमीवर हे युद्ध लादले गेले, तेथील मृतांसाठी त्याची कुदळ क्वचितच उचलली जाते. मेत्तेला सीमा नसते. येथे करुणेला सीमा पडली आहे.

सारांश, पडद्यावर बुद्धाची प्रतिमा दिसली म्हणजे धम्म दिसला असे नव्हे. आज आमची मुले सिद्धार्थाला प्रथम भेटतात ती बहुधा पडद्यावरच. ग्रंथ नंतर हाती येतो, कित्येकदा येतही नाही. म्हणून चित्रपट वर्ज्य करण्यापेक्षा तो मुलांसमवेत पाहावा, आणि संपल्यावर टीव्ही बंद करून त्यांना एवढेच विचारावे : याने घर का सोडले, आणि तो परत का आला नाही? विहारातील रविवारच्या धम्मवर्गासाठी एवढा विषय पुरेसा आहे.