१५८४चं कमिट

नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी पाठभेद तपासून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एक प्रत छापली. ती एकनाथांच्याही आधीची, असा त्यांचा दावा. अहिल्यानगर जिल्ह्यात जन्मलेल्या या ग्रंथाचा पाठेतिहास एखाद्या व्हर्जन कंट्रोल प्रणालीत स्क्रिप्ट लिहून भरायला घ्यावा. या प्रणालींचे प्रोग्रामरसाठीचे दरवाजे कुठे भक्कम आहेत आणि कुठे डुगडुगतात, ते मग कळतं.

गिटपासून सुरुवात करू. प्रत्येक कमिटमध्ये लेखक वेगळा, नोंद करणारा वेगळा. म्हणजे ज्ञानेश्वर आणि लेखनिक सच्चिदानंदबाबा दोघांचीही सोय झाली. राजवाड्यांची प्रत एकनाथांच्या कमिटखाली न लावता वेगळ्या ब्रांचवर ठेवता येते. अडतं ते तारखेपाशी. गिटचा काळ १९७०च्या १ जानेवारीला सुरू होतो, त्याआधीचं त्याला काही मांडता येत नाही. १५८४ हे साल कमिटच्या संदेशात लिहून ठेवायचं आणि पुढे जायचं.

फाइलला 'नेवासे' नाव दिलं, तर गिट स्टेटस ते नाव बॅकस्लॅश ३४०, बॅकस्लॅश २४४, बॅकस्लॅश २५० असं सुरू करून दाखवतं. 'न'चे ते तीन बाइट, अष्टमान पद्धतीत. 'क्वोटपाथ' ही सेटिंग बंद केली की देवनागरी दिसू लागते. पण स्क्रिप्टने या दिखाऊ मजकुरावर विसंबूच नये, 'झेड' पर्याय देऊन शून्य-बाइटने वेगळी केलेली नावं घ्यावीत. मॅकच्या जुन्या फाइल-व्यवस्थेत तर 'शेतकऱ्यांची' या नावातला 'ऱ' साध्या 'र'मध्ये आणि नुक्त्यात फुटतो. इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला यातलं काहीच जाणवणार नाही.

माणसाने वाचायचं आउटपुट आणि यंत्राने वाचायचं आउटपुट यांत गिटने फरक केला, हे त्याचं मोठं शहाणपण. 'पोर्सेलिन' पर्यायाचं स्वरूप पुढच्या आवृत्त्यांत बदलणार नाही, असं वचनच आहे. (नाव मात्र उलटं: गिटच्याच परिभाषेत पोर्सेलिन म्हणजे माणसांसाठीच्या कमांड.)

सबव्हर्जनची वाट निराळी. तिथे सी भाषेतल्या लायब्रऱ्या आधी रचल्या आणि स्विग वापरून पायथॉन, पर्ल, रुबीसाठी बाइंडिंग काढली. कागदावर रचना देखणी आहे. प्रत्यक्षात सीमधलं 'पूल'चं स्मृती-व्यवस्थापन पायथॉन लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडलं. शिवाय हूक रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतात. हाताने चालवलेली स्क्रिप्ट सर्व्हरवर रुसते ती बहुधा याचमुळे.

मर्क्युरिअल मुळात पायथॉनमध्येच लिहिलेलं, तेव्हा पायथॉनवाल्यांची चैन असावी. एक्स्टेन्शनला आतलं सगळं मोकळं असतं खरं, पण ते आतलं कधीही बदलेल, असं कर्तेच बजावतात. म्हणून २०११ मध्ये कमांड सर्व्हर आला: प्रक्रिया एकदाच सुरू करायची आणि पाइपमधून बोलायचं.

गिटचा मूळ कोड चूक झाली की सरळ प्रक्रियाच संपवतो. दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात तो बसवणं कठीण. त्यातून २००८ मध्ये लिबगिट२ सुरू झालं, त्यावर पायगिट२ आणि रग्ड उभे राहिले. वेग उत्तम, पण ती गिटची दुसरी घडण आहे. तिच्यातून कमिट केलं तर प्री-कमिट हूक चालत नाही. ओव्यांचे क्रमांक तपासणारा हूक लावून निश्चिंत झालेल्या संपादकाला हे कोणी सांगत नाही.

माझा कौल म्हणून साध्या मजकुराच्या प्रवाहाला आहे. गिटच्या फास्ट-इम्पोर्ट कमांडला ऑकमधूनही कमिटं भरवता येतात, कसलंही बाइंडिंग लागत नाही. मर्ज ड्रायव्हर तर त्याहून आटोपशीर: सामायिक पूर्वज, आपली प्रत आणि समोरची प्रत अशा तीन फाइली मिळतात, निकाल आपल्या प्रतीच्या फाइलमध्ये लिहायचा आणि जमलं तर शून्य परत करायचं. दोन प्रती ओळींऐवजी ओवीच्या क्रमांकाने जुळवणारी स्क्रिप्ट एवढ्यावर लिहिता येते.