पटलेल्यांनाच पटवणारे लेख

मुलांना मराठी यायलाच हवं, या विषयावर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या दिवाळी अंकांत एखादा तरी लेख ठरलेला. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्यात एका परिच्छेदाची भर पडली. सुरुवात ज्ञानेश्वरांपासून, मग आजी-आजोबांशी बोलता येत नाही याची खंत, शेवटी घरात मराठीच बोला हा आग्रह. यातलं खोटं काहीच नाही. पण ज्या आईवडिलांनी मुलाला मराठी शाळेतून काढून सॉकरला घातलं, त्यांचं म्हणणं या लेखांत कुठे येतच नाही. आलंच तर ‘इंग्रजाळलेले’ एवढ्या एका विशेषणात.

चावून चोथा झालेल्या विषयावर कसं लिहितात ते पाहायचं तर ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ काढावं. बुलढाण्याच्या या बाईंचं पुस्तक पुण्यात 1882 मध्ये छापलं गेलं. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेचं. बालहत्येबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली होती, ती पुढे सौम्य झाली. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा, म्हणजे विषय तेव्हाही पाव शतक जुना. ताराबाई नवीन माहिती फारशी देत नाहीत. बायका कपटी, संशयी, अविचारी ही शास्त्रीपंडितांची यादीच त्या हातात घेतात आणि त्यातला एकेक दुर्गुण पुरुषांना लावून बघतात. बायको गेली की नवरा दुसरी आणतो, मग विधवेलाच वेगळा न्याय का? माप समोरच्याचंच, फक्त तराजूत आता तोच. शिवाय बोलणं थेट त्याच्याशी, तिऱ्हाइताकडे तक्रार नाही.

पुस्तक निर्दोष नाही. टोमणे पुन्हा पुन्हा येतात, मध्येच नाटकं-गोष्टींचा समाचार सुरू होतो, आणि सगळ्या पुरुषांना एका माळेत ओवताना त्या प्रतिपक्षाचीच चूक करतात. समकालीनांना ते पटलंही नाही. टीका एवढी झाली की जोतीराव फुल्यांना 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा उजेडात आणलं. तरीही, बाईंच्या त्या साध्या प्रश्नाला उत्तर काय, हे आज वाचतानाही सुचत नाही.

आपल्या लेखांना असा प्रश्न टाळायची सवय आहे. सॉकरवाल्या पालकांचा सगळ्यात बिनतोड मुद्दा असा: पुण्यातला आमचा भाचा इंग्रजी माध्यमात शिकतो, घरी निम्मं इंग्रजी बोलतो, त्याला कुणी काही म्हणत नाही, मग न्यू जर्सीतल्या आमच्या मुलीवरच एवढा भार का? याला अभिजात दर्जा हे उत्तर नव्हे. भाच्याच्या कानावर रिक्षावाला, शेजारी, भाजीवाली यांची मराठी फुकट पडते, मुलीच्या कानावर फक्त घरातली, हे निदान उत्तराच्या वाटेवरचं आहे. पण ते लिहिताना लेखकाला आपलं घरही तराजूत घालावं लागेल. आपण नवरा-बायको एकमेकांना ‘दूध संपलंय’ हा निरोप कुठल्या भाषेत पाठवतो, तिथपासून.