पूजा, वंदन आणि एक जुना आक्षेप

उस्मानपुऱ्यात, कॅथोलिक चर्च सोडून नव्या प्रार्थनामंडळ्यांत गेलेल्यांकडून एक आक्षेप हमखास ऐकू येतो : कॅथोलिक मरियेची पूजा करतात. मला हा आक्षेप बराचसा भाषेतून आलेला वाटतो. इ. स. ७८७ च्या दुसऱ्या निकिया परिषदेने आराधना केवळ देवाची, प्रतिमांना मात्र आदरवंदन, असा भेद केला. मराठीत ‘पूजा’ हा शब्द दोन्हींवर पसरतो. दिवाळीत वहीची पूजा होते, खंडेनवमीला अवजारांची. म्हणून ‘नमो मरिया’तले ‘नमो’ खटकते. पण त्या प्रार्थनेचा उत्तरार्ध पाहावा. तिथे मागणे एकच : आमच्यासाठी देवाला विनंती कर. जिने देवाकडे विनंती करायची, तिला देव कोण मानील?

नवस बोलताना हा भेद पुसट होतो, एवढे टीकाकारांचे खरे आहे. तो दोष आचाराचा आहे, सिद्धान्ताचा नव्हे. इथले कथीड्रल ज्यांच्या नावाचे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १५९४ पासून शाब्ले प्रांतात कॅल्विनपंथी झालेल्यांसाठी पत्रके लिहून घरोघर पोहोचवली. आपल्याकडेही उत्तर असेच, मुद्द्याला धरून लिहिले जावे.